विस्तवाविना खाऊ

काकती हे नाव उच्चारताच राणी चन्नम्मेचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. बेळगावच्या उत्तरेस, निपाणी-कोल्हापूरमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या या गावी १७७८ साली तिचा जन्म झाला. १८२४ साली कित्तूरच्या किल्ल्यापुढे तिच्या सैन्याने धारवाडचा कलेक्टर थॅकरे यास ठार केले, आणि १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत तिचा अंत झाला. इतिहास म्हटला की तोफा, तहनामे आणि तारखा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि काकतीला असा इतिहास भरपूर आहे. परंतु त्याच गावी एका श्रावणात आम्हांस जो इतिहास भेटला, तो एका पितळी डब्यात होता आणि त्याची आठवण येथे सांगावयाची आहे.

तो नागपंचमीचा दिवस होता. एका परिचितांच्या घरी आम्ही गेलो होतो. चूल थंड होती. त्या दिवशी चिरू नये, तळू नये, तवा चढवू नये हा नेम आपल्याकडे मराठी घरांतही पाळतात, मात्र तेथे दिंडे उकडतात. या कन्नड-मराठी सरहद्दीवर पंचमीचा मान उंड्यांना आहे. ‘उंडी’ म्हणजे लाडू. शेंगांची उंडी, तिळाची उंडी आणि भाजलेल्या धान्याच्या व डाळ्याच्या पिठात गूळ-तूप घालून वळलेले तंबिट्टु, असे तीन प्रकार डब्यात होते. माहेरी आलेल्या लेकी झोपाळ्यावर होत्या, आणि घरची वृद्ध गृहिणी येईल त्याच्या हातावर एकेक उंडी ठेवीत होती. भाजण्या-कुटण्याचे काम आदल्या दिवशीच उरकलेले होते. सणाच्या दिवशी विस्तवाची गरज अशी नव्हतीच.

त्याच घरचा एक महाविद्यालयीन मुलगा व्यायामशाळेतून परतला. त्याच्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेली एक वडी होती. तिच्यावर प्रोटीनचे ग्रॅम मोठ्या अक्षरांत छापले होते. आम्ही कुतूहलाने मागील बाजूची बारीक अक्षरे वाचली. घटकांत पहिला मान शेंगदाण्याचा होता, पुढे खजूर आणि डाळीचे प्रथिन. आजीने विचारले, “हे काय रे?” मुलगा म्हणाला, “आजी, ही भट्टीत न भाजता केलेली प्रोटीनची वडी आहे.” आजीने डबा पुढे केला आणि म्हटले, “मग ही काय आहे?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेख होय.

प्रथम आहारशास्त्राचा निवाडा पाहू. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. तितक्याच डाळ्यांत, ज्यांना या भागात पुटाणी म्हणतात, सुमारे बावीस. तिळांत अठरा ते एकवीस. धान्यांच्या प्रथिनांत लायसीन या घटकाची उणीव असते, ती कडधान्ये भरून काढतात. कडधान्यांत मेथिओनीन कमी पडते, ते तिळांत बरेच असते. म्हणजे डाळे, धान्याचे पीठ आणि तीळ एका डब्यात आले की परस्परांचे उणे परस्परांनी भरून निघते. आमच्या आज्या-पणज्यांस ही नावे ठाऊक नव्हती हे उघडच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जे मिश्रण ठरले, ते प्रयोगशाळेने पुढे मान्य केले, इतके म्हणण्यास हरकत नाही. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडविणारे काही घटक असतात आणि भाजल्याने ते बहुतांशी निष्प्रभ होतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. ‘विस्तवाविना’ हा शब्द आम्ही मथळ्यात योजिला असला, तरी या खाऊतील धान्याने विस्तव आधीच पाहिलेला असतो. वळताना मात्र चूल, पाणी वा भट्टी लागत नाही.

ही युक्ती किती जुनी आहे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकाहत्तराव्या सूक्तात विचारपूर्वक वापरलेल्या वाणीला चाळणीने चाळलेल्या सक्तूची उपमा दिलेली आहे. सक्तू म्हणजे भाजून दळलेले यवाचे पीठ. याच शब्दापासून हिंदीचा ‘सत्तू’ व आपला ‘सातू’ आले. गूळ आणि दूध घालून कालविलेले सातूचे पीठ ज्यांनी बालपणी खाल्ले आहे, त्यांनी वैदिक न्याहारीच केली असे समजावे. पूषन् या देवाचे अन्न करंभ, म्हणजे हेच पीठ कालवून केलेले खाद्य होय. त्या देवास दात नाहीत अशी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. दंतहीन देव, दात न आलेले मूल आणि दात गेलेला वृद्ध या तिघांनाही चालेल असे अन्न आपल्या पूर्वजांनी इतक्या प्राचीन काळी योजून ठेवले होते.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात या पिठाची थोरवी सांगणारी कथा आहे, ती आमच्या वाचकांनी कीर्तनात ऐकली असेलच. युधिष्ठिराचा अश्वमेध संपन्न झाला असता एक मुंगूस तेथे आला. त्याचे अर्धे अंग सोन्याचे होते. तो म्हणाला, कुरुक्षेत्रातील एका उंछवृत्ती ब्राह्मणाने दुष्काळात मिळविलेल्या प्रस्थभर सक्तूची सर या यज्ञाला नाही. त्या ब्राह्मणाच्या घरी चौघे जण आपापला वाटा घेऊन जेवावयास बसणार, तोच अतिथी आला. प्रथम ब्राह्मणाने, मग पत्नीने, मग पुत्राने आणि शेवटी सुनेने आपला वाटा त्याला दिला. त्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगुसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी तो यज्ञामागून यज्ञ हिंडला, पण ते झाले नाही. राजाच्या यज्ञाला चार ओंजळी पिठाने हरविल्याची दुसरी कथा आम्हांस ठाऊक नाही.

भागवतातील सुदाम्याचे पोहे याच जातीचे. सुदाम्याच्या पत्नीने शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून ते पुढे करण्याची सुदाम्यास लाज वाटली. तेव्हा श्रीकृष्णाने स्वतःच ते ओढून घेतले. आमच्या कोंकणी बांधवांच्या घरी दिवाळीच्या पहाटे फोव नाना तऱ्हांनी होतात, दुधांतले, ताकांतले, रोसांतले. त्यांतले कित्येक चुलीवर चढत नाहीत. गूळ, खोबरे आणि पोहे हाताने एकजीव केले की देवाचा नैवेद्य सिद्ध होतो.

आपल्या देवळांच्या परंपरेत तर या खाऊची एक संपूर्ण शाखाच आहे. घाटावर गणपतीपुढे खिरापत वाटतात ती खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि किसमिस या पाच ‘ख’कारांची मानतात, म्हणून तिला पंचखाद्य म्हणावयाचे. किनाऱ्यावरील सारस्वत देवळांत आणि घराघरांत पंचकज्जाय होते. त्यात भाजलेल्या चणाडाळीचा किंवा मुगाचा भरडा, गूळ, खोबरे, तीळ आणि तूप-वेलदोडे असतात. रामनवमीला पानकाबरोबर कोसंबरी असते, ती तर केवळ भिजविलेल्या मूगडाळीची. घाटावर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ, पन्हे आणि भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी असते. घाटावरची गौर आणि किनाऱ्यावरचा राम यांच्या प्रसादात केवढे हे साम्य! मराठी व कोंकणी या दोन भाषांत दुरावा पाडू पाहणाऱ्यांनी एकदा या दोन वाट्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

या प्राचीन मंडळीत एक पाहुणा मात्र उशिरा आला, आणि येऊन घरधनी झाला. तो म्हणजे भुईमूग. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. युरोपीयांनी समुद्रमार्ग उघडल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकानंतर, तो आपल्याकडे पोहोचला. त्यामुळे एकाही स्मृतीत त्याचे नाव नाही. वकिलाच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. ज्याचे नाव यादीत नाही त्याचा निषेधही यादीत नाही. म्हणून वेदकाळापासून या मातीत असलेले धान्य एकादशीला वर्ज्य राहिले, आणि परदेशातून आलेला शेंगदाणा उपवासाच्या ताटात पाट मांडून बसला. धर्माचे नियम अचल असतात असे म्हणणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू खाताना याचा विचार करावा. नवागतास आत घेण्याची शक्ती आपल्या स्वयंपाकघराला होती. ती देवळाच्या दारालाही का नसावी, या प्रश्नाकडे आता वळावयाचे आहे.

शिजविलेले अन्न आणि कोरडे अन्न यांत आपल्या समाजाने फार मोठा भेद मानला. पाण्यात शिजलेले धान्य लागले की भांडे, हात, जागा सारे ‘खरकटे’ होते; कन्नडात त्यालाच ‘मुसुरे’ म्हणतात. अशा अन्नाचा व्यवहार जातीच्या कुंपणाआतच व्हावयाचा. भाजलेल्या कोरड्या पदार्थांना हा नियम तितका जाचक नव्हता. भडभुंज्याकडचे फुटाणे, चुरमुरे आणि लाह्या सर्व जातींनी बाजारातून घ्याव्यात आणि खाव्यात, यात कोणास काही वाटत नसे. याला शास्त्राधारही आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात न मागता पुढे आलेल्या ज्या वस्तू नाकारू नयेत त्यांची यादी दिलेली आहे. तीत पाणी, फुले, दही, दूध यांच्या जोडीला ‘धाना’, म्हणजे भाजलेले धान्य, स्पष्ट शब्दांत आहे. ज्या ग्रंथाने माणसामाणसांत इतक्या भिंती उभारल्या, त्या ग्रंथानेही मूठभर भाजलेल्या धान्यासाठी एक खिडकी उघडी ठेवली होती.

म्हणून देवळाने सर्वांना वाटावयाचा प्रसाद बहुधा असाच राहिला. तो कोणाच्याही हातून कोणाच्याही हातावर जाऊ शकत होता. खिरापत, फुटाणे, पंचकज्जाय ही आपल्या समाजातील खरी सार्वजनिक अन्ने होत. पंक्ती वेगळ्या होत्या, खिरापत एक होती. जातीजातींच्या समाजाला एकत्र धरून ठेवणाऱ्या धाग्यांत या मूठभर खाऊची गणना इतिहासकाराने अवश्य करावी, असे आमचे मत आहे.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. खाऊ उंबऱ्याबाहेर जात होता हे खरे, पण तो घेणारा उंबऱ्याच्या आत येत नव्हता. आमच्या बालपणीची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरी पंचमीच्या उंड्या झाल्या की अंगण झाडावयास येणाऱ्या बाईंनाही त्या मिळत. आमच्या आजी मोठ्या उदार होत्या. त्या चार मागितल्या तर सहा देत. पण देताना त्यांचा हात वीतभर उंचीवर थांबे आणि उंडी वरून बाईंच्या ओंजळीत पडे. एकदा नेम चुकला, उंडी अंगणात पडून फुटली. बाईंनी ती वेचून पदरात बांधली. आजींनी दुसरी दिली, तीही तशीच, वरून. त्यात काही वावगे आहे असे त्या वेळी आम्हां कोणालाच वाटले नाही. आज शेंगांची उंडी हाती घेतली की तो आवाज आम्हांस ऐकू येतो.

याच विसंगतीवर बसवेश्वरांनी बाराव्या शतकात आपल्या एका वचनात बोट ठेवले होते. दगडाच्या नागाला दूध आणि दारी आलेल्या भुकेल्याला नकार, हा व्यवहार त्यांनी उघडा पाडला. पंचमीच्या सणावर याहून नेमके भाष्य झालेले नाही.

कायद्याने या बाबतीत काय केले, ते थोडक्यात पाहू. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या राज्याने १९४७ साली हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला. त्याच वर्षी मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली, आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरले. या मालिकेतील एक खटला तर आमच्या वाचकांच्या अगदी घरचा आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुल्की येथील श्रीवेंकटरमण देवस्थान गौड सारस्वत ब्राह्मणांचे. मद्रास सरकारच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्यास तेथील विश्वस्तांनी हरकत घेतली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ८ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिलेला निकाल आला. न्यायालयाने दोन गोष्टी मान्य केल्या. हे देवस्थान एका संप्रदायाचे आहे, हे विश्वस्तांचे म्हणणे त्याने स्वीकारले. तथापि, सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा जो अधिकार घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आहे, तो संप्रदायाच्या अधिकारावर मात करतो, असे ठरविले. काही विशिष्ट सेवा-विधी त्या समाजापुरते राखता येतील, मात्र त्यामुळे इतरांचा दर्शनाचा हक्क पोकळ होता कामा नये, अशी मर्यादाही घालून दिली.

हा निकाल आम्ही विद्यार्थिदशेत वाचला, तेव्हा केवळ घटनेच्या दोन अनुच्छेदांचा मेळ म्हणून वाचला. आज वाटते की न्यायालयाने देवळाच्या दाराला तेच सांगितले, जे देवळाचा प्रसाद शतकानुशतके आपोआप करीत होता. जे मुठीने बाहेर जाऊ शकते, त्याच्यासाठी दारही उघडले पाहिजे. दार उघडणे कायद्याच्या हाती आहे. घरातला हात किती उंचीवरून खाऊ सोडतो, हे मात्र कोणत्याही कलमाला मोजता येत नाही. तेथे इतिहास कायद्यापुढे जाऊन घरच्या डब्यापाशी थांबतो.

आता विसाव्या शतकातील दोन प्रयत्नांची नोंद करून मग पाककृतीकडे येऊ. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. पुढे १९२९ साली याच महात्म्याने विस्तवाचा स्पर्शही न झालेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला. अंकुरित गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू आणि मध असा तो आहार होता. चूल सुटली की गरिबाचे सरपण वाचेल आणि स्त्रीचे कष्ट कमी होतील, असा विचार त्यामागे होता. काही महिन्यांतच प्रकृती बिघडल्याने प्रयोग थांबवावा लागला, आणि तेही त्यांनी लपविले नाही. आमच्या मते यातून शिकावयाचे ते इतकेच की, भाजण्याची जी एक पायरी सक्तूच्या काळापासून ठरलेली आहे, ती गाळण्याची घाई करू नये.

दुसरा प्रयत्न म्हैसूरचा. तेथे १९५० साली केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन. देशातील प्रथिनांची उणीव स्वस्तात भरून काढण्यासाठी या संस्थेने ‘बहुउद्देशी अन्न’ तयार केले. त्याचे प्रमाण काय होते? तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ पंचाहत्तर भाग आणि हरभऱ्याचे पीठ पंचवीस भाग, वर जीवनसत्त्वे आणि चुना. काकतीच्या डब्यातील शेंगा आणि पुटाणी यांचीच ही शास्त्रीय आवृत्ती नव्हे काय?

त्याच सुमारास विज्ञानाने एक सावधगिरीची सूचनाही दिली, ती प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचे विष सापडले. त्यास अफ्लाटॉक्सिन असे नाव पडले. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर ही बुरशी वाढते, यकृतास ते विष घातक असते आणि घरच्या भाजण्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून सुरकुतलेला, काळवंडलेला, कडू वा कुबट वासाचा दाणा निवडून टाकावा. एका कडू दाण्याने सारा घास बिघडतो हा अनुभव सर्वांचाच आहे, आणि त्यामागे हे सबळ कारण आहे.

असो. आता प्रत्यक्ष कृती. दोनशे ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले काढून, निवडून घ्यावेत. पन्नास ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. येथे विस्तवाचे काम संपले. हे आदल्या दिवशी केले तरी चालते. पूर्ण गार होणे मात्र अवश्य आहे. दोनशे ग्रॅम डाळे भाजलेलेच मिळतात, त्यांचे बारीक पीठ करावे. दाण्यांचा कूट खलबत्त्यात करावा म्हणजे त्याला तेल सुटते आणि लाडू सहज वळतो; यंत्रात करावयाचा झाल्यास थांबत थांबत फिरवावा. दोनशे ग्रॅम मऊ गूळ किसून त्यात घालावा. या भागात ऊस विपुल असल्याने चांगल्या गुळाची ददात नाही. वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे पातळ तूप घालून सारे हाताने एकजीव मळावे. पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. पाणी लागले की टिकाऊपणा गेला. सुमारे तीस ग्रॅमची एक याप्रमाणे बावीस-तेवीस उंड्या होतात. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पंधरवडाभर राहतात. ओले खोबरे घालून पंचकज्जाय केले, तर ते त्याच दिवशी संपवावे.

हिशेब करता एका उंडीत साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसास सुमारे सेहेचाळीस आणि पुरुषाला चौपन्न ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे दोन उंड्यांनी स्त्रीच्या गरजेचा पाचवा हिस्सा भागतो. उरलेले वरण, उसळ, दूध, दही आणि ज्यांच्याकडे चालते त्यांनी मासळी यांतून घ्यावे. उंडीने सारे काम होते असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. गूळ हीसुद्धा साखरच होय, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी गूळ निम्मा करून डाळे आणि दाणे वाढवावेत, किंवा लाडवाचा मोह सोडून मूठभर फुटाणे घ्यावेत. लहान मुलांना अख्खे दाणे कधीच देऊ नयेत, ते घशात अडकण्याचे भय असते, कूट उत्तम.

आणखी एक सूचना करावयाची आहे. काही थोड्या माणसांना शेंगदाणा वा तीळ यांचे वावडे असते, आणि ते प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून देवळात वा शाळेत हा खाऊ वाटताना त्यात काय आहे ते सांगावे आणि चालते ना, असे विचारावे. एके काळी आपण घेणाऱ्याची जात विचारीत होतो. आज त्याची प्रकृती विचारावी. प्रश्न विचारण्याची सवय तीच, पण पहिल्या प्रश्नाने माणूस दूर राहत असे, दुसऱ्याने तो सुखरूप राहतो.

काकतीच्या त्या घरी शेवटी काय झाले ते सांगून लेख पुरा करतो. नातवाने आजीच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. त्याने अर्धी वडी आजीला दिली, आणि आजीचे दात नसल्याने ती चावता येईना, तेव्हा सगळे हसले. मग त्याने डब्यातील एक उंडी उचलली. इतक्यात रस्त्याच्या कामावरची दोन माणसे पाणी मागावयास दारी आली. कोठली, कोण, हे कोणी विचारले नाही. आजी उठल्या, डबा घेऊन उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि पाण्याच्या तांब्याबरोबर एकेक उंडी त्यांच्या तळहातावर ठेवून आल्या. ठेवून आल्या, असेच आम्ही जाणूनबुजून लिहीत आहोत. उंडी ठेवताना त्यांची बोटे त्या माणसांच्या तळव्याला टेकली होती, आणि आमचे लक्ष तेथेच होते.